चाळीस, वीस, दहा

मराठीत बर्फ एकच. गोळेवाला रंध्यावर किसतो तो बर्फ, मासळीबाजारात पापलेटांवर पसरतात तो बर्फ, लग्नाच्या मांडवात सरबताच्या पिंपात फोडून टाकतात ती लादीही बर्फाचीच, आणि गुलमर्गला आभाळातून भुरभुरत उतरतो तोही बर्फच. ‘हिम’ आहे, पण तो पुस्तकात आणि हिमालयाच्या नावात. बोलताना कुणी म्हणत नाही. ज्या मुलखात तो पडतच नाही तिथे दुसऱ्या शब्दाची गरज तरी कुणाला पडणार? काश्मिरीत मात्र आभाळातून पडतो तो ‘शीन’, आणि छपराच्या कडेला सुळ्यांसारखा लटकतो तो ‘शिशरगांठ’. हा दुसरा शब्द पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा मी थबकलो होतो. शिशिराची गाठ. याचा अर्थ आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

पण या प्रकरणात ज्या बर्फाबद्दल बोलायचं आहे त्याला हे दोन शब्दही पुरत नाहीत. हेलि-स्कीइंग म्हणजे हेलिकॉप्टरने डोंगराच्या माथ्यावर उतरायचं आणि कुणाचं पाऊल न उमटलेल्या बर्फावरून स्की घालून घसरत खाली यायचं. तळाशी हेलिकॉप्टर थांबलेलं असतं, ते पुन्हा वर नेतं. दिवसात अशा चार-सहा फेऱ्या, हवा चांगली असली तर जास्तही. नेहमीच्या स्की रिसॉर्टमध्ये रात्रभर यंत्रं फिरवून उतार दाबून ठेवतात, बर्फ कमी पडला तर पाण्याचे फवारे मारून कृत्रिम बर्फ तयार करतात. इथे यातलं काही नाही. आभाळाने दिलं, वाऱ्याने हलवलं आणि उन्हाने बिघडवलं, ते जसं असेल तसं पायाखाली घ्यायचं. त्यामुळे या धंद्यातली माणसं सकाळ-संध्याकाळ हवामानावरच बोलत असतात. आपल्याकडे मृगाच्या तोंडावर पारावर बसून बोलतात तशी, आणि तेवढ्याच काळजीने.

हा प्रकार सुरू झाला कॅनडात. हान्स ग्मोझर नावाच्या, ऑस्ट्रियातून तिकडे गेलेल्या गाइडने १९६५ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या बुगाबू पर्वतांत पैसे मोजणारी पहिली मंडळी हेलिकॉप्टरने वर नेली. तेव्हाचं हेलिकॉप्टर एवढंसं, की पायलट सोडून दोघंच मावत. भारतात ही कल्पना आणणाऱ्यांत सिल्वेन सोदाँ हा स्विस स्कीपटू होता, जगातल्या भल्याभल्या उभ्या कड्यांवरून स्की करत उतरलेला माणूस. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने काश्मीरमध्ये हेलिकॉप्टरं उडवली. पुढे खोऱ्यात बंदुका आल्या आणि ते थांबलं. नंतर मनालीभोवतीच्या डोंगरांत हा खेळ रुजला, आणि काश्मीर जरा निवल्यावर गुलमर्गलाही परतला. मी इथे गुलमर्गच घेतो. एक तर मराठी वाचकाने ते निदान मे महिन्यात तरी पाहिलेलं असतं. आणि दुसरं कारण नाशिकच्या द्राक्षांशी जोडलेलं आहे, ते पुढे येईल.

गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईपेक्षा हजार मीटरने उंच. तिथून गोंडोला, म्हणजे रोपवे, निघतो तो पहिल्या टप्प्यात कोंगडोरीला, सुमारे ३,०८० मीटरवर, आणि दुसऱ्या टप्प्यात अफरवट डोंगराच्या खांद्यावर, ३,९०० मीटरच्याही वर. खालच्या भागात देवदारकुळातली उंच झाडं, मग भूर्जाचं रान, आणि त्याच्यावर उघडा डोंगर. हा सगळा पीर पंजाल रांगेचा भाग. पीर पंजाल म्हणजे काश्मीरचा सह्याद्री म्हणायला हरकत नाही. पश्चिमेकडून येणारी ओल आधी याच भिंतीला धडकते, इथेच तिचं बरंचसं ओझं उतरतं, आणि पुढे पुढे जात लडाखला पोहोचेपर्यंत पिशवी जवळपास रिकामी झालेली असते. महाबळेश्वर आणि माण तालुका यांच्यात जे नातं, तेच गुलमर्ग आणि लेह यांच्यात.

फरक एवढाच, की ही ओल मोसमी वाऱ्यांची नसते. हिवाळ्यात भूमध्य समुद्र, काळा समुद्र, कॅस्पियन यांच्या आसमंतात उठलेले कमी दाबाचे पट्टे वरच्या थरातल्या वेगवान पश्चिमी वाऱ्यांवर स्वार होऊन इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत येतात. वाटेत अरबी समुद्रावरूनही बाष्प ओढून घेतात. आपल्याकडच्या हवामानाच्या बातम्यांत यांना पश्चिमी झंझावात म्हणतात. डिसेंबर ते मार्च या काळात महिन्याला साधारण चार ते सात येतात, पण सगळे सारखे नसतात. एखादा नुसतेच ढग दाखवून निघून जातो. एखादा दोन दिवसांत अर्धा-पाऊण मीटर बर्फ टाकतो. आणि मग सात-आठ दिवस, कधी पंधरा दिवस, निळंशार आभाळ.

गुलमर्गच्या हंगामाची लय ही अशी आहे: दणका आणि विसावा. कॅनडाच्या कोलंबिया पर्वतांत पॅसिफिककडून ढग एकामागून एक येत राहतात, रोज थोडा थोडा बर्फ पडतो, सूर्यदर्शन झालं तर लोक बाहेर येऊन पाहतात. इथे उलट. पडतो तेव्हा धो धो, आणि थांबला की कडक ऊन. जाहिरातीतल्या फोटोंत फक्त त्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ असते.

काश्मिरी माणूस हिवाळा असा झंझावातांनी मोजत नाही. त्याचं पंचांग वेगळं आहे. २१ डिसेंबरला ‘चिल्लई कलान’ लागतो, मोठा चिल्ला, चाळीस दिवसांचा. हा शब्दच फारसीतल्या चाळीसवरून आलेला. तो संपला की वीस दिवसांचा ‘चिल्लई खुर्द’, धाकटा. आणि शेवटी दहा दिवसांचा ‘चिल्लई बच्चा’, शेंडेफळ. मार्च लागता लागता हिशेब संपतो. पहिल्या चाळीस दिवसांत नळ गोठतात, दल सरोवराच्या कडांवर बर्फाची साय धरते, माणसं पायघोळ फेरनच्या आत काँगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, घेऊन वावरतात. हा चाळीस दिवसांचा बर्फ पुढे टिकतो, उन्हाळ्यात झरे त्यावर वाहतात, हे खोऱ्यातल्या शेतकऱ्याला ठाऊक असतं. म्हणून पहिल्या शीनचं तिथे कौतुक. काश्मीरच्या नीलमत पुराणातही पहिल्या हिमवर्षावाचा दिवस उत्सव म्हणून साजरा करायला सांगितलं आहे, आणि तोही नवं मद्य पिऊन. आपल्या पुराणांत पहिल्या पावसाला अशी सोय केलेली माझ्या तरी पाहण्यात नाही.

आता हेलि-स्कीइंग करणाऱ्याने यातले कुठले दिवस निवडावेत? सरळ विचार केला तर चाळीस दिवसांचे. थंडी जास्त, म्हणजे बर्फ चांगला. गुलमर्गच्या बाजारात जानेवारीच्या रात्री पारा उणे दहाच्या खाली जाणं काही विशेष नाही, आणि अफरवटच्या माथ्यावर त्याहून सात-आठ अंश कमी धरावेत. अशा थंडीत पडलेल्या बर्फाचे कण एकमेकांना चिकटत नाहीत. ताज्या बर्फाच्या एका घनमीटरमध्ये पन्नास ते शंभर किलो बर्फ, बाकी सगळी हवा. पिठीसाखर चाळणीतून परातीत पडावी तसा तो बसतो. स्की त्यात गुडघ्यापर्यंत बुडतात आणि तरी अडत नाहीत. वळताना चेहऱ्यावर फवारा येतो. ज्यासाठी लोक अर्ध्या जगातून येतात ती हीच पिठीसाखर.

तरीही जाणते गाइड पाहुण्यांना चिल्लई कलानच्या सुरुवातीला बोलावण्याची घाई करत नाहीत. कारण थंडीच.

हे जरा जवळून पाहू. डिसेंबरच्या मध्यावर समजा अर्धा मीटर बर्फ पडला आणि मग तीन आठवडे आभाळ उघडं राहिलं. बर्फाखालची जमीन उन्हाळ्याची ऊब धरून असते आणि बर्फ हे उत्तम पांघरूण, त्यामुळे तळाशी तापमान शून्याच्या आसपास राहतं. वर, उघड्या आभाळाखाली, पृष्ठभाग उणे पंधरा. म्हणजे अर्ध्या मीटरच्या जाडीत पंधरा अंशांचा फरक. मीटरला दहा अंशांपेक्षा जास्त फरक झाला की बर्फाच्या आत एक गुपचूप कारभार सुरू होतो: तळाच्या उबेतली वाफ वर सरकते, वरच्या गार कणांवर जाऊन गोठते, आणि मऊ कणांच्या जागी कडा-कोपरे असलेले, पैलूदार दाणे वाढू लागतात. दोन-तीन आठवड्यांत पिठीसाखरेची दाणेदार साखर होते. गाइड लोक जगभर याला साखरच म्हणतात. मुठीत घेऊन दाबा, मूठ उघडा, बोटांच्या फटींतून घळघळ सांडते. ज्याने कधी पाक चुकलेला रव्याचा लाडू वळायचा प्रयत्न केला आहे त्याला ही साखर ओळखता येईल. वळायला जावं तर ढासळतो.

आणि वरून पाहिलं तर काहीच दिसत नाही. उतार तसाच पांढरा, तसाच सुरेख.

आता जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मोठा झंझावात येतो. या साखरेवर मीटरभर नवा बर्फ बसतो. त्याच्याबरोबर वारा येतो, आणि वाऱ्याची गंमत सह्याद्रीच्या माणसाला उलटी वाटेल अशी आहे. पावसाच्या बाबतीत वाऱ्यासमोरची बाजू भिजते आणि पलीकडची कोरडी राहते. अख्ख्या रांगेचा विचार केला तर बर्फाचंही तसंच. पण एकाच धारेवर उभं राहून पाहिलं तर वारा समोरच्या उतारावरचा पडलेला बर्फ खरवडून उचलतो आणि धार ओलांडून आडोशाच्या बाजूला नेऊन टाकतो. इथला झंझावाती वारा पश्चिमेचा-नैर्ऋत्येचा. अफरवटचा स्कीसाठी नावाजलेला उतार पूर्व-ईशान्येकडे तोंड केलेला. म्हणजे आभाळातून पडतो त्यात डोंगरापलीकडून वाहून आणलेल्याची भर. धारेवर बर्फाचे छज्जे बाहेर झुकतात, त्यांच्याखाली वाऱ्याने ठोकून बसवलेला बर्फ घट्ट होतो. आता त्याला पिठीसाखर म्हणता येत नाही. तो एकसंध थर झालेला असतो. यासाठी मराठीत अगदी नेमका शब्द आहे: लादी.

साखरेवर ठेवलेली लादी, आणि तीही उतारावर. तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार सगळ्यात घातकी. त्याहून सपाट जागी लादी सरकत नाही, त्याहून उभ्या जागी ती साठतच नाही, थोडीथोडी गळत राहते. दुर्दैवाने स्कीची खरी मजाही याच तीस ते चाळीस अंशांत आहे. एका माणसाचं वजन नेमक्या जागी पडतं, खालची साखर क्षणात बसते, आणि तो बसण्याचा धक्का उतारभर धावत जातो. कधी कधी ‘धुप्प’ असा खोल आवाज येतो. वर आडवी भेग पडते आणि मैदानाएवढा तुकडा एकदम सुटतो. बातम्यांत त्याला हिमस्खलन म्हणतात.

म्हणून प्रश्न ‘यंदा बर्फ किती?’ असा विचारून भागत नाही. दोन मीटर बर्फ डिसेंबरच्या सुरुवातीपासून आठवड्याआड पडत गेला असेल तर तो भक्कम पाया. तेवढाच बर्फ महिनाभराच्या कोरड्या थंडीनंतर एकदम पडला असेल तर तो सापळा. बर्फाचा आकडा तोच, हंगाम वेगळा. आजीने जुन्या लुगड्यांची वाकळ शिवलेली असते, तीत एक पट्टा विरलेल्या कापडाचा लागला असला की बाकी कापड कितीही जाड असो, वाकळ तिथेच टरकते. गाइडचं निम्मं काम तो विरलेला पट्टा शोधणं.

तो शोधण्याची रीत पाहण्यासारखी आहे. उताराच्या कडेला, सुरक्षित जागी, पण स्की करायची तिकडेच तोंड असलेल्या उतारावर गाइड फावड्याने खड्डा खणतो. दीड मीटर खोल, एक भिंत ओळंब्यात उभी, साफ तासलेली. मग भिंतीत वरून खाली हात टेकवत येतो. आधी मूठ. मूठ सहज आत गेली तर तो थर अगदी मऊ. नाही गेली तर चार बोटं. मग एक बोट. मग पेन्सिल. मग सुरी. मूठ, चार बोटं, एक बोट, पेन्सिल, सुरी: जगभर हीच पट्टी वापरतात, आणि तिला एक रुपया खर्च येत नाही. वर मूठ, खाली एक बोट, तळाला पेन्सिल, असं हळूहळू घट्ट होत गेलं तर ठीक. पण मध्येच पेन्सिलीच्या खाली पुन्हा मूठ आत गेली, की गाइडच्या कपाळावर आठी.

मग तो तीस सेंटिमीटर लांब-रुंद असा एक खांब भिंतीतून मोकळा करतो, त्याच्या माथ्यावर फावड्याचं पातं आडवं ठेवतो आणि त्यावर थापट्या मारतो. दहा नुसत्या मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. कितव्या थापटीला खांब तुटला आणि कसा तुटला, हे वहीत जातं. बाराव्या थापटीला वेडावाकडा चुरा झाला तर एक अर्थ. बाराव्या थापटीला वरचा भाग ड्रॉवर ओढावा तसा गुळगुळीत पुढे सरकला तर अगदी दुसरा. दुसरं घडलं की त्या दिवशी त्या बाजूचे उतार नकाशावर खोडून टाकायचे. पाहुण्यांनी कितीही पैसे भरलेले असोत.

भारतात बर्फाच्या या अभ्यासाला संस्थेचं रूप आलं ते लष्कराच्या गरजेतून. १९६९ मध्ये मनालीला ‘सासे’ ही हिम आणि हिमस्खलन संशोधन संस्था उभी राहिली. २०२० मध्ये ती डीआरडीओच्या नव्या डीजीआरई या संस्थेत विलीन झाली. हिमालयातल्या धोक्याच्या सूचना आज तिथून निघतात. या शास्त्रज्ञांनी पीर पंजालला खालच्या हिमालयाच्या पट्ट्यात घातलं आहे. मोठ्या हिमवृष्टीचा, त्यामानाने उबदार हवेचा, छोट्या हिवाळ्याचा हा पट्टा. इथली बरीच स्खलनं बर्फ पडत असताना किंवा थांबल्यावर लगेचच्या एक-दोन दिवसांत होतात, नव्या बर्फाच्या ओझ्यानेच. नंतर तो बसतो, स्वतःच्या वजनाने आवळतो. काराकोरमसारख्या उंच, कोरड्या, कडाक्याच्या पट्ट्यात तळची साखर हिवाळाभर छळते. गुलमर्गला ती डिसेंबर-जानेवारी कोरडे गेले तर होते, आणि फेब्रुवारीत जाड बर्फाखाली दबली, उबली की बहुधा हळूहळू सांधली जाते. गाइड वीस दिवसांच्या चिल्लई खुर्दवर डोळा ठेवून असतात ते यासाठी. तोवर पाया जाड झालेला असतो, झंझावात अजून जोरात असतात, आणि थंडी नवा बर्फ दोन-तीन दिवस टिकवण्याइतकी शिल्लक असते. धाकट्याकडे थोरल्याचं धन आणि स्वतःची मऊ चाल, दोन्ही असतं.

पण निष्काळजी राहून चालत नाही. ८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गजवळ खिलनमर्गच्या उतारावर प्रशिक्षण घेणाऱ्या तुकडीवर हिमस्खलन कोसळलं आणि १७ जवान गेले. ते डोंगरातल्या युद्धाचं शिक्षण देणाऱ्या लष्कराच्या नामांकित शाळेतले होते. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटवर पोलंडचे दोन स्कीपटू गेले. तारखा पाहा: तिन्ही चिल्ल्यांतला तोच वीस दिवसांचा.

हेलिकॉप्टरमधून उतरणाऱ्या प्रत्येकाच्या छातीला म्हणूनच एक छोटं यंत्र बांधलेलं असतं. ४५७ किलोहर्ट्झवर ते सतत टिकटिकत असतं. कुणी गाडला गेला तर बाकीच्यांनी आपापली यंत्रं शोधावर लावून त्या दिशेने धावायचं, लांब सळईने टोचून पाहायचं आणि फावड्याने उपसायचं. पहिली दहा-पंधरा मिनिटं काय ती हातातली. त्यानंतर आशा फार झपाट्याने मावळते. खालून मदत यायची वाट पाहायला वेळच नसतो. शेजारचा माणूस हीच मदत.

बर्फ पडला, बसला, खड्डा खणून खात्री झाली. तरी उड्डाण होईलच असं नाही. पायलटचं हवामान वेगळं. बर्फ पडत असताना झाडांच्या वरचा सगळा डोंगर एक पांढरा पडदा होतो. आभाळ पांढरं, जमीन पांढरी, सावली कुठेच नाही. पन्नास मीटरवर उतार आहे की दरी, हे डोळ्याला कळत नाही. त्यातून हेलिकॉप्टर उतरताना पात्यांचा वारा खालचा मऊ बर्फ उधळतो आणि शेवटच्या काही सेकंदांत पायलट स्वतःच्याच ढगात सापडतो. म्हणून उतरण्याच्या जागी आधीच झेंडी किंवा काठी रोवून ठेवतात. तेवढी एक काळी रेघ डोळ्याला धरायला पुरते. कॅनडात वादळाच्या दिवशी झाडीत उतरवून झाडांमधून स्की करतात, झाडं हीच खूण. गुलमर्गला खाली झाडी आहे, पण हेलिकॉप्टरचं राज्य मुख्यतः उघड्या माथ्यांवर, त्यामुळे हवा बिघडली की मंडळी गोंडोलाने वर जातात आणि भूर्जांमधून घसरतात. किंवा शेगडीपाशी बसून कहवा पितात.

हवेची विरळताही आहे. चार हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश. पाती तेवढ्याच वेगाने फिरतात, पण त्यांना ढकलायला हवाच कमी. म्हणून इथे उंचीवर तगणारी बी-३ जातीची हलकी यंत्रं लागतात. याच जातीचं हेलिकॉप्टर दिदिए देल्साल या फ्रेंच पायलटने मे २००५ मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर टेकवलं होतं. तरी माणसं चार आणि एक गाइड, याहून फार नाही. थंडी इथे पायलटच्या बाजूने असते, कारण गार हवा दाट असते. मार्चच्या दुपारी तेच हेलिकॉप्टर त्याच माथ्यावर जरा जड चालतं. शिवाय डोंगराच्या पलीकडे नियंत्रण रेषा फार लांब नाही. हवा मोकळी म्हणून कुठेही उडालं, असं इथे चालत नाही.

आणि आता गुलमर्ग निवडण्याचं ते दुसरं कारण. झंझावात काश्मीरवर बर्फ टाकून पूर्वेकडे सरकला की त्याच्या मागून उत्तरेचा कोरडा गार वारा मोकळा सुटतो. पंजाब, राजस्थान, माळवा ओलांडत तो दोन-तीन दिवसांत खानदेश-नाशिकपर्यंत उतरतो. निफाडजवळ कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला नीचांकी आकडा मग सगळ्या वर्तमानपत्रांत छापून येतो, आणि द्राक्षबागायतदार पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात, मणी तडकू नयेत म्हणून. गुलमर्गला ज्या सकाळी गाइड निळं आभाळ पाहून खूष होतो, त्यानंतर चार दिवसांत निफाडला कुणीतरी धुराने डोळे चोळत असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये तर नातं आणखी सरळ. झंझावाताची शेपटी दक्षिणेकडे लांबली आणि बंगालच्या उपसागराकडून आलेली ओल मध्य भारतावर तिला भेटली, की आपल्याकडे गारपीट. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाडा-विदर्भात अजून कुणी विसरलेलं नाही.

ज्या वर्षी झंझावात रुसतात त्या वर्षी काय होतं, हे २०२४च्या जानेवारीने दाखवलं. गुलमर्गचा तो कटोऱ्यासारखा सुप्रसिद्ध माळ जानेवारीच्या मध्यावर तपकिरी होता. नुसतं वाळकं गवत. पर्यटक घोड्यांवरून फिरत होते, स्की भाड्याने देणारे दुकानाबाहेर ऊन खात बसले होते. चिल्लई कलान संपत आला आणि अगदी शेवटच्या दिवसांत बर्फ आला. फेब्रुवारीत तो आला तो मग भरपूर. त्याच महिन्यात खेलो इंडियाचे हिवाळी खेळ तिथे झाले, आणि २२ फेब्रुवारीला, मोठी हिमवृष्टी होऊन गेल्यावर, अफरवटच्या राखलेल्या पट्ट्याबाहेर स्खलन झालं. परदेशी स्कीपटूंचा एक गट त्यात सापडला. बाकीचे वाचले, एक रशियन गेला. लांबलेला कोरडा काळ, मग एकदम ओझं: वाकळीचा हिशेब वर मांडलाच आहे. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, त्याच खेळांची तारीख बर्फाअभावी पुढे ढकलावी लागली. ते झाले ९ ते १२ मार्चला. चाळीस, वीस, दहा सगळे मोजून संपल्यावर.

मार्चमध्ये डोंगर निराळा असतो. गुलमर्ग ३४ अंश अक्षांशावर, आल्प्स ४६च्या आसपास, बुगाबू ५१च्या जवळ. २१ डिसेंबरला दुपारी बुगाबूत सूर्य क्षितिजापासून जेमतेम सोळा अंश वर येतो, आल्प्समध्ये एकवीस, आणि गुलमर्गला तेहतीसच्या घरात. त्यामुळे दक्षिणेकडे तोंड असलेला उतार इथे ऐन जानेवारीतही दुपारी ओलावतो आणि रात्री त्यावर कवच धरतं. पावलाखाली पापडासारखं मोडतं. मार्चच्या २१ तारखेला तोच सूर्य ५६ अंशांवर असतो. आता उत्तरेकडच्या सावलीतच काय तो कोरडा बर्फ उरतो. बाकी सगळीकडे रोजचा खेळ: रात्री गोठणं, दिवसा वितळणं. असं आठवडाभर झालं की कण गोल, टपोरे होतात, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे. सकाळी नऊला तो दगडासारखा कडक, साडेदहाला वरचे दोन सेंटिमीटर मऊ होतात आणि स्की लोण्यावरून जावी तशी जाते. पिठीसाखरेच्या नादी लागलेल्यांना या साबुदाण्याची किंमत कळत नाही. माझं मत विचाराल तर नवशिक्याने हाच मागावा. पण बारा वाजले की तो खिचडी होतो, आणि एकनंतर ओल्या बर्फाची जड, संथ स्खलनं नाल्यांतून उतरायला लागतात. मार्चमधलं हेलिकॉप्टर म्हणून पहाटे उठतं आणि जेवणाआधी घरी येतं.

महिनाअखेरीस ते निघूनही जातं. खाली तंगमर्गला पाऊस पडत असतो, गुलमर्गला पाऊस की बर्फ ते त्या दिवसाच्या मर्जीवर. अफरवटचं पाणी निंगली नाल्याने सोपोरच्या बाजूला झेलमला मिळायला निघतं.

आणि मे महिन्यात आपली माणसं येतात. पुणे, नागपूर, सांगली. तंगमर्गला भाड्याचे लांब कोट आणि गमबूट चढवून गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्याच्या रांगेत उभी राहतात, पोराला टोपी घाल म्हणून ओरडतात. वर घळींमध्ये बर्फ असतोच. मळकट, भोकाभोकांचा, कडेने पाणी सुटलेला. बर्फ वरून वितळत जातो, त्यामुळे मार्चचा, फेब्रुवारीचा केव्हाच गेलेला असतो; उरतो तो तळाचा, डिसेंबरात पडलेला. जानेवारीत गाइडच्या मुठीतून घळघळ सांडणारी ती साखर एव्हाना पाणी पिऊन बसलेली असते. पोरगं खाली वाकतं, दोन्ही हातांनी तिचा गोळा वळतं, तो व्यवस्थित वळला जातो, आणि बापाच्या पाठीवर जाऊन फुटतो.